सेंटचा डबा उघडताना

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचं शेवटचं एक सेंटचं नाणं पडलं. १७९३ पासून, एक १८१५ साल सोडलं तर, हे नाणं दर वर्षी निघत आलं होतं. शेवटी एक सेंट पाडायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च यायला लागला आणि ते बंद झालं. ही बातमी आल्यापासून या सदराकडे सेंटबद्दलच्या पत्रांची रीघ लागली आहे. ज्या घरातलं कुणी तिकडे राहून आलंय, त्या घरात चिल्लरीचा एखादा डबा असतोच.

मी एकतीस वर्षं धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्तीनंतर लेकीकडे न्यू जर्सीला राहिले, तेव्हा बँकेतून सेंटच्या गुंडाळ्या आणायचे आणि जेवणाच्या टेबलावर एकेक नाणं भिंगाखाली पाहायचे. एका गुंडाळीत पन्नास नाणी, एका खोक्यात पन्नास गुंडाळ्या, म्हणजे पंचवीस डॉलरला अडीच हजार नाणी. तेव्हा डोळ्यांना लागलेली सवय अजून मोडलेली नाही. या वेळी पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : माझे सासरे १९७४ ते १९८१ न्यू जर्सीत नोकरीला होते. ते गेल्यानंतर कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात साडेतीनशेच्या आसपास एक सेंटची नाणी आहेत. चार नाणी करड्या रंगाची, १९४३ सालची. त्याच सुमारास मोबाइलवर व्हिडिओ आला की १९४३ चा सेंट कोटीला जातो. दिलेल्या नंबरवर फोन केला, तर फोटो मागवून घेतले आणि सांगितलं, ‘तुमचे ३८ लाख मंजूर झालेत, नोंदणीचे २,१०० रुपये भरा.’ भरू का?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : भरू नका, ताई. एक रुपयाही भरू नका आणि त्या नंबरवर पुन्हा फोन करू नका. जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत आपण पडत नाही, त्यासाठी शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसं घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही, हे रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ च्या जाहीर सूचनेत सांगितलं आहे. तुम्हाला भेटलेल्या माणसाने बँकेचं नाव घेतलं नसलं तरी तऱ्हा तीच. आज २,१०० भरलेत की उद्या ‘जीएसटी’चे ९,००० मागतील, परवा पार्सलच्या विम्याचे. माझ्याकडे आलेल्या एका पत्रात हा आकडा ६२,००० पर्यंत गेला होता आणि नाणं घरातच होतं.

आता त्या व्हिडिओत खरं किती ते सांगते. युद्धात तांबं दारूगोळ्याला हवं होतं, म्हणून १९४३ च्या एका वर्षापुरते सेंट पोलादाचे पाडले, वर जस्ताचा मुलामा दिला. तीन टांकसाळींनी मिळून १०९ कोटींहून अधिक नाणी काढली. पांढरट रंगामुळे लोक ती दहा सेंटची समजून घ्यायचे-द्यायचे आणि फसायचे. पत्र्याला आधी मुलामा देऊन मग चकत्या कापल्या, त्यामुळे नाण्याची कड उघडी राहिली. तुमच्या चारही नाण्यांच्या कडा उजेडात फिरवून पाहा, गंजाचे ठिपके बहुतेक तिथूनच सुरू झालेले दिसतील. असं वापरलेलं नाणं दहा-वीस सेंटला जातं. मुलामा शाबूत असलेलं, हाताळलेलं नसलेलं असेल तर काही डॉलर.

लाखांच्या घरात गेलं ते याच सालचं *तांब्याचं* नाणं. आदल्या वर्षीच्या काही तांब्याच्या चकत्या यंत्राजवळच्या खोक्यांच्या सांदीत अडकून राहिल्या होत्या, त्या पोलादी चकत्यांबरोबर ठशाखाली गेल्या. अशी नाणी अगदी मोजकी. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळकरी मुलाला १९४७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहात मोड म्हणून त्यातलं एक मिळालं. त्याने ते जन्मभर जपलं. २०१९ च्या लिलावात ते २ लाख ४ हजार डॉलरला गेलं. डेन्व्हरच्या टांकसाळीचं असं एकच माहीत आहे, त्याची किंमत २०१० मध्ये १७ लाख डॉलर झाली. व्हिडिओवाले आकडा या नाण्याचा सांगतात आणि चित्र तुमच्या करड्या नाण्याचं दाखवतात.

घरात १९४३ चं तांबूस नाणं निघालंच, तर आधी फ्रिजवरचा चुंबक लावून पाहा. चिकटलं तर आत पोलाद आहे, वर कुणीतरी तांबं चढवलंय. नाही चिकटलं तर ३ हा आकडा बघा. खऱ्या १९४३ मध्ये ३ ची शेपटी बाकीच्या आकड्यांच्या तळरेषेखाली चांगली लांब उतरते. १९४८ च्या ८ चा अर्धा भाग तासून केलेल्या ३ ला ती शेपटी नसते.

पण करड्या चार नाण्यांपायी बाकीचा डबा बाजूला ठेवू नका. तुमच्या पत्रातल्या तारखांवरून एक गोष्ट मला नाणी न बघताच कळली. सासरे १९८१ मध्ये परतले. सेंट तांब्याचा होता तो १९८२ पर्यंत, त्या वर्षात तो जस्ताचा झाला, वर तांब्याचा पापुद्रा. म्हणजे पोलादाची चार सोडली तर तुमचा डबा सगळा तांब्याचा आहे. प्रत्येक नाणं ३.११ ग्रॅम. टेबलावर टाकलंत तर टणकन वाजेल. जस्ताचं २.५ ग्रॅमचं नाणं बद्द आवाज करतं.

दुपारी खिडकीशी बसा. सगळी नाणी काट्याच्या बाजूने वर करा. ज्यांच्यावर दोन बाजूंना गव्हाच्या दोन ओंब्या आहेत ती १९०९ ते १९५८ ची, ज्यांच्यावर खांबांची इमारत आहे ती १९५९ पासूनची. ओंबीवाली वेगळ्या वाटीत घ्या. मग छाप्याकडे वळा. लिंकनच्या चेहऱ्याशेजारी साल आहे आणि सालाखाली कधी डी, कधी एस असं एक अक्षर. डी म्हणजे डेन्व्हर, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. सगळी किंमत या एका अक्षरात असते. १९३१ चं अक्षराविना नाणं साधंच, एस असलेलं मात्र झिजलेलं असलं तरी डॉलरच्या दोन आकड्यांत जातं, कारण त्या वर्षी तिथे ८,६६,००० च पडली. १९०९ चं एस, आणि मागे तळाशी व्ही. डी. बी. ही अक्षरं असली, तर ते पाडलंच ४,८४,००० आणि झिजलेलंही शेकडो डॉलरचं. १९१४-डी शंभराच्या वर.

या १९१४-डी पाशी मला थांबायचं आहे. २०११ मध्ये तिकडच्या एका शनिवारच्या बाजारात मी ते नव्वद डॉलरला घेतलं होतं. साल स्पष्ट, अक्षर स्पष्ट. घरी येऊन दहापटीचं भिंग लावलं. लिंकनच्या खांद्याचा जो तिरपा काप आहे, अगदी कडेशी, तिथे वाळूच्या कणाएवढी तीन अक्षरं दिसली : व्ही. डी. बी. हे नाणं घडवणारे व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर, त्यांची ही आद्याक्षरं. १९०९ मध्ये ती मागच्या बाजूला होती. फार ठळक दिसतात म्हणून ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली. परत आली ती १९१८ मध्ये, खांद्यावर. मग १९१४ च्या नाण्यावर ती कुठून येणार? कुणीतरी १९४४-डी चा पहिला ४ तासून त्याचा १ केला होता. ९ आणि १ मधलं अंतरही जरुरीपेक्षा जास्त होतं, ते मग दिसलं. पुढच्या शनिवारी तो विक्रेता तिथे नव्हता. ते नाणं मी अजून ठेवलंय आणि कुणी शिकायला आलं की पहिल्यांदा तेच हातात देते.

तुमच्या डब्यात असं दुर्मीळ काही निघेलच असं नाही. बहुतेक ओंबीवाल्या नाण्यांना तिकडचे व्यापारी तीन ते पाच सेंट देतात. पण सासऱ्यांनी सात वर्षं सुट्या पैशांतून ती बाजूला काढली असतील, तर त्यांनी काय पाहून ठेवली ते तुम्हाला कळेल. वेगळी वाटेल ती नाणी दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा. मी पैसे घेत नाही.

प्रश्न : माझ्याकडे डोक्यावर पिसांचा टोप असलेला १८८८ चा एक सेंट आहे. काळा पडला होता. चिंच-मीठ लावून घासला, आता देवाच्या तांब्यासारखा चमकतो. किंमत किती वाढेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घटली आहे, दादा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तुम्ही हौसेने केलंत.

चिंचेतलं आम्ल काळा थर विरघळवतं, पण त्याबरोबर त्याखालचं तांबंही थोडं खातं. ठसा बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या केसाहून बारीक रेघा नाण्यावर उमटतात. नव्या नाण्यावर उजेड फिरताना जी झळाळी फिरते ती त्या रेघांची. घासलेलं नाणं सगळीकडून सारखंच चमकतं आणि रंग गुलाबी येतो. सरावलेल्या माणसाला हातभरावरून ते ओळखू येतं. तांब्याच्या नाण्यांचे संग्राहक लाल, तांबूस-तपकिरी आणि तपकिरी अशा तीन रंगांत दर ठरवतात, आणि शंभर वर्षांचं तपकिरी नाणं हे चांगलं नाणं असतं. गुलाबी या यादीत नाही.

आता हाताशी आहे ते बघू. टोपाच्या पट्टीवर लिबर्टी हा शब्द आहे, इंग्रजीतली सात अक्षरं. (हा चेहरा कुणा खऱ्या आदिवासी माणसाचा नाही, स्वातंत्र्यदेवीलाच पिसांचा टोप घातलाय.) ही पट्टी उठावाची असल्याने आधी झिजते. सातही अक्षरं वाचता आली तर नाणं बऱ्या अवस्थेत, तीन-चारच उरली तर खालच्या, एकही नसेल तर नुसता सांगाडा. १८८८ चं साधं झिजलेलं नाणं दोन-तीन डॉलरचं असतं, तुमचं त्याच्या निम्मं धरा. १८७७ चं असतं तर शेकडो डॉलरचा फटका बसला असता, ती ८,५२,५०० च पडली होती. आता त्याला काहीही लावू नका. कागदी पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा, काही वर्षांत रंग आपोआप उतरेल. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात मात्र नको, त्यातून हिरवा चिकट द्रव सुटतो.

प्रश्न : १९५५ च्या सेंटवर शेवटचा ५ दुहेरी दिसतो. इंटरनेटवर १९५५ च्या दुहेरी नाण्याची किंमत हजार डॉलरच्या वर आहे. हे तेच का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. पण तुझं लक्ष गेलं हे मला फार आवडलं, म्हणून नीट सांगते.

नाणं ज्या ठशाने पडतं तो ठसा स्वतः मूळ साच्याखाली एकाहून जास्त वेळा दाबून तयार व्हायचा. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाला एका ठशाच्या दोन दाबांमध्ये तो किंचित फिरला. परिणामी त्यावर सालाचे चारही आकडे आणि वरची सगळी अक्षरं दोनदा उठली, इतकी की चश्म्याविनाही दिसावीत. चूक लक्षात येईपर्यंत हजारो नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. सगळा ढीग वितळवण्यापेक्षा ती तशीच जाऊ दिली. बाहेर पडली ती वीस-चोवीस हजार. बरीच सिगारेटच्या यंत्रांतून गेली : पाकीट तेवीस सेंटचं, यंत्रात टाकायचे पंचवीस, म्हणून दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनातच घालून ठेवलेले असायचे.

तुझ्या नाण्यावर फक्त शेवटचा ५ दुहेरी आहे. ते ठसा झिजल्यामुळे होतं. १९५५ च्या नाण्यांत ते वारंवार दिसतं आणि जवळपास किंमत नसते. फरक असा ओळख : खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही आकडे गोलसर, पूर्ण उंचीचे आणि मध्ये स्पष्ट फट. झिजेच्या दुहेरीपणात दुसरा आकडा पसरट, पायरीसारखा, पुढच्याच्या अंगाला चिकटलेला. तुझं नाणं जपून ठेव. १९७२ आणि १९९५ मध्येही असे दुहेरी ठसे निघाले, तिकडे कुणी ओळखीचं असेल तर त्या सालांची नाणी आणायला सांग.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. घरात दोन मोठ्या बरण्या भरून सेंट आहेत. नाणं बंद झालं म्हणजे आता भाव वाढेल का? पुण्याला येताना आणावीत का?
— एक वाचक, फ्रीमॉन्ट

उत्तर : बंद झालं म्हणून दुर्मीळ होत नाही. नाणं चलनातून रद्द झालेलं नाही, दुकानात अजून चालतं, आणि घराघरांतल्या बरण्यांत अब्जावधी पडून आहेत. २००५ चा सेंट तुमच्या नातवाच्या हयातीतही एक सेंटचाच राहील, उलट जस्तावरचा पापुद्रा फाटला की आतून करडे फोड येऊन तो कुजतो.

१९८२ च्या आधीच्यांत सेंटहून अधिक किमतीचं तांबं असतं, हे खरं. पण ते वितळवायला डिसेंबर २००६ पासून बंदी आहे. त्याच नियमात देशाबाहेर नेण्यावरही मर्यादा आहे : प्रवासात एका माणसाला एक सेंट आणि पाच सेंटची मिळून एरवी पाच डॉलरपर्यंतचीच नाणी नेता येतात, छंदासाठी असल्याचं स्पष्ट असेल तर पंचवीस डॉलरपर्यंत. पाच डॉलरची सगळी सेंटचीच घेतलीत तर पाचशे, म्हणजे दीड किलोच्या आसपास. बरण्या आणू नका. तिथेच निवडा, ओंबीवाली आणि १९८२ ची तेवढी काढा, बाकीची खर्चून टाका.

१९८२ ची का, तर त्या एका वर्षात दोन धातू, सालाचे दोन आकारांचे आकडे आणि दोन टांकसाळी असा घोळ आहे. डेन्व्हरच्या छोट्या आकड्यांचं नाणं जस्ताचंच असायला हवं. २०१६ मध्ये त्यातलं एक तांब्याचं निघालं आणि संग्राहकांत खळबळ उडाली. तेव्हा १९८२ ची डी असलेली नाणी वजनकाट्यावर टाका. शंभरांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा तिकडे पंधरा-वीस डॉलरला मिळतो. छोटे आकडे असून ३.१ दाखवलं, तर ते नाणं रुमालात बांधा आणि मग मला लिहा.

प्रश्न : आजोबा मोंबासाला रेल्वेत होते. त्यांच्या ट्रंकेत मधोमध भोक असलेली तांब्याची नाणी आहेत. एक सेंटची पाच, बाकीची पाच आणि दहा सेंटची. ही अमेरिकेची का?
— एक वाचक भगिनी, म्हापसा

उत्तर : नाही बाई, ही पूर्व आफ्रिकेची. भोकाच्या दोन बाजूंना वाकडे हस्तिदंत दिसतील. या सेंटचं मूळ आपल्याकडे आहे. तिथे आधी आपलाच रुपया चालायचा, आणि १९०६ पासून त्या रुपयाचे शंभर सेंट केले. आपल्याकडे रुपयाचे शंभर नवे पैसे झाले १ एप्रिल १९५७ ला. म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग आपल्याआधी मोंबासाच्या बाजारात चालला. पहिले सेंट, १९०७-०८ चे, ॲल्युमिनियमचे होते. तसा एखादा ट्रंकेच्या तळाशी असेल तर वेगळा ठेवा. पुढे १९२० नंतर रुपया जाऊन शिलिंग आलं आणि सेंट शिलिंगचा झाला, तुमची तांब्याची बहुधा त्यातली.

साधी नाणी प्रदर्शनात दहा-वीस रुपयांना मिळतात, पैशाची आशा धरू नका. पण पाच आणि दहा सेंटच्या नाण्यांत १९३६ साल शोधा आणि भोकाभोवतीचं नाव वाचा. जॉर्जऐवजी एडवर्ड असेल तर ते आठव्या एडवर्डचं. त्याने वर्षाच्या आत गादी सोडली, आणि ब्रिटनमध्ये त्याच्या नावाचं नाणं सर्वसाधारण चलनात आलंच नाही. भोकाच्या नाण्यावर राजाचा चेहरा लागत नाही, नुसतं नाव पुरतं, म्हणून अशी वसाहतींची नाणी तेवढी पडून गेली. तीही महाग नाहीत. मात्र तसं एखादं निघालं तर आजोबांचं नाव आणि ते तिथे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत होते ते चिठ्ठीवर लिहून त्याच पाकिटात घाला.